पाच वाजता सुटले

३ मार्च

चिंगे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. दाराखालून सरकवलेला कागद निदान उचलून फेकावा तरी लागतो. फेकायच्या आधी वाच, एवढंच म्हणणं आहे.

तीन मजले चढून आले होते काल. माझे गुडघे तुला माहीत आहेत. दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसले पाच मिनिटं, खालच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोलीस का आलेत बिल्डिंगमध्ये?" म्हटलं, पोलीस दमलेत म्हणून बसलेत. वर आले तर तू आत माझ्या भाचीवर ओरडत होतीस. मी बेल वाजवली आणि घरात चिडीचूप. मी काय हप्ता वसूल करायला आले होते का गं? दहा मिनिटं उभी होते. तू दाराच्या पलीकडेच होतीस, तुझी बांगडी वाजली.

पाहुण्यांची खबर मला ठाण्यातल्या पोरांकडून मिळते. दर मंगळवारी चौघं येतात, त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवतात, डॉक्टरकडे नेतात, परत वर चढवतात. सगळे आपली ड्यूटी संपवून येतात, हे लक्षात असू दे. तुझ्या लग्नात मी गमतीनं तुझ्या नवऱ्याला "पाहुणे" म्हटलं आणि ते नाव सगळ्या ठाण्यानं उचललं. आता गुन्हेगारसुद्धा त्यांना पाहुणेसाहेब म्हणतात. कमरेचं हाड जुळतंय म्हणे, पण डाव्या पायात अजून जीव नाही. खरं आहे का? तू सांगितलंस तर मला पोरांच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही.

खात्याचं पत्र तुला मिळालं, ते मला माहीत आहे. त्याची नक्कल माझ्याच टेबलावरून गेली. अपघात सात वाजायला दहा मिनिटं असताना झाला आणि संबंधित कर्मचारी त्याआधी पाच वाजताच सुटलेले होते, म्हणून दवाखान्याचा खर्च नाही, भरपगारी रजा नाही, पुढं पाय कायमचा गेला तर त्याचंही काही नाही. असं लिहिलंय ना? ते शेवटचं उत्तर नाही, चिंगे. चौकशी लागलीय. ऑफिसात कागद अडकतात, अडकले की मागं लागावं लागतं, मी मागं लागलेय. एकतीस वर्षं या खात्यात काढलीत, एवढं तर मला जमेल.

पोरांनी जमवलेलं पाकीट तू परत पाठवलंस. स्वाभिमान आईकडून आलाय तुझ्यात. पण औषधाच्या दुकानात स्वाभिमान चालत नाही. पाकीट माझ्याकडे आहे, हवं तेव्हा माग.

ताई


१० मार्च

चिंगे,

उत्तर येणार नाही हे धरूनच चालले होते, तरी रोज टपालाच्या खोक्यात हात घालून बघतेय. वेड लागलंय मला.

तुला राग कशाचा आहे ते मला कळतं. तो दवाखान्याचा व्हरांडा. ऑपरेशनच्या खोलीबाहेर आपण दोघी बसलो होतो, तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. वरच्या ऑफिसातला तो अधिकारी आला, हातात फाईल. त्यानं मला एवढंच विचारलं, "हे ड्यूटीवर होते ना?" आणि मी म्हणाले, "रजिस्टर बघावं लागेल."

तू मान उचललीस. माझ्याकडे बघितलंस. त्यानंतर आजतागायत बघितलेलं नाहीस.

मी तसं का म्हणाले ते सांगते. ऐकून तू मला माफ करशील असं नाही.

रजिस्टर मी लिहिते. नऊ वर्षं झाली गुडघ्यांमुळे मला आतलं काम दिलं त्याला. कोण किती वाजता आला, किती वाजता सुटला, वायरलेसवर काय निरोप आला, कपाटाच्या चाव्या कुणाकडे, सगळं माझ्या हातचं. पहाटे सहाची पाळी संध्याकाळी सहाला सुटते, असं कागद म्हणतो. प्रत्यक्षात कुणी आठच्या आत घरी गेलेलं तू पाहिलंयस? तू तर त्यांची बायको आहेस. पण बारा तासांच्या वर एक मिनिट लिहिलं की नियमानं जादा कामाचा भत्ता द्यावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी सुटी द्यावी लागते. भत्त्याला मंजुरी नाही. सुटी द्यायला बदली माणूस नाही. त्यामुळं मी त्या खुर्चीत बसले त्या पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला आत बोलावून सांगितलं, "बाई, सगळ्यांचे सहाच लिहीत जा. वरून विचारणा झाली की उत्तरं मलाच द्यावी लागतात." तोंडी सांगितलं. असल्या गोष्टी कुणी लिहून देत नाही.

तेव्हापासून सहा. सोळा तास केले तरी सहा. रस्त्यावर दगड झेलले तरी सहा. संध्याकाळी टेबलापुढं गर्दी असते, लिहायला फुरसत नसते, म्हणून मी तो रकाना सकाळीच भरून टाकते. अकराचा चहा झाला की पेन घेते आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सोडून देते. माणसांची अजून निम्मी पाळीही झालेली नसते आणि माझ्या कागदावर ती घरी पोचलेली असतात. यात कुणालाच काही गैर वाटत नव्हतं, मलाही नाही. पगार तेवढाच यायचा, निदान कटकट नको, असं सगळे म्हणायचे.

त्या दिवशी नाक्यावर अंगावर घालायला तीनच चकाकणारी जाकिटं होती आणि माणसं पाच. पाहुण्यांनी आपलं जाकीट नव्या मुलीला दिलं. ट्रकवाला म्हणतो माणूस दिसलाच नाही. खोटं बोलत नसेल तो.

आता तू म्हणशील, सगळ्यांचे सहा, मग पत्रात पाच का आलंय. ते नंतर सांगेन. आज हात दुखतोय.

ताई


१९ मार्च

चिंगे,

आज मी पुन्हा आले होते. तू घरी नव्हतीस, भाचीला शाळेतून आणायला गेली होतीस. खोटं कशाला सांगू, तू बाहेर पडलेली बघूनच वर चढले.

दाराशी तुमची शेजारीण भेटली, त्या शिवणकाम करणाऱ्या बाई. तोंडात टाचण्या होत्या, तरी बोलायच्या राहिल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची बहीण नवऱ्याशी धड बोलत नाही हो. ताट ठेवते आणि निघून जाते. पाचला सुटला होतास तर सातपर्यंत कुठं होतास, एवढंच विचारते."

चिंगे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुझा राग माझ्यावर आहे, खात्यावर आहे, तिथपर्यंतच माझी अक्कल चालली. त्या एका आकड्यानं तू त्यांच्यावर संशय घेत असशील, हे मला सुचलं नाही. त्या दिवशी पाचला भाचीचं शाळेत भाषण होतं ना. बाप पाचला मोकळा होता आणि तरी आला नाही, मग गेला कुठं? तुझ्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. आणि ते म्हणाले असतील नाक्यावर होतो, तर तू म्हणाली असशील, मग माझी सख्खी बहीण खोटं लिहिते का?

मी दाराबाहेरून हाक मारली. आतून खाटेवरूनच त्यांचा आवाज आला. आवाज तसाच आहे गं, मला वाटलं होतं बारीक झाला असेल. मी म्हटलं, "पाहुणे, तुम्ही हिला सांगितलं का नाहीत?" तर म्हणाले, "ताई, तुम्ही घरी जा. तीनच महिने राहिलेत तुमचे. पेन्शन हातात पडू दे, मग बघू."

मी पायरीवर बसून रडले. शिवणकामवाल्या बाईंनी पाणी दिलं.

आता ऐक. पाच मी लिहिले.

त्या दिवशी सकाळी अकराला मी रकाना भरत होते. पाहुणे नाक्यावर निघाले होते, टोपी घालत टेबलापाशी आले. म्हणाले, "ताई, आज पोरीचं भाषण आहे पाच वाजता. तीन वर्षं झाली, दर वर्षी बुडवतो. आज मला पाचला सोडा, कागदावर तरी वेळेवर पोचू दे." सगळे हसले. मीही हसले. आणि हसत हसत त्यांच्या नावापुढं पाच लिहिले. वर म्हटलं, "जा, दिली सुटी. टाळ्या जोरात वाजवा." सलाम ठोकून गेले.

एवढंच झालं. ते पाचलाही नाक्यावरच होते आणि सात वाजायला दहा मिनिटं असतानाही नाक्यावरच होते. दुसरीकडं कुठंही नव्हते. खात्याला मात्र आयतं सापडलं. बाकीचे सहाला सुटले, हा माणूस त्याच्याही आधी तासभर निघून गेला, म्हणजे खासगी कामासाठीच रस्त्यावर असणार.

माझ्यावर हवं तेवढं तोंडसुख घे. पण त्यांच्याशी बोल. आजच बोल, चिंगे, हात जोडते.

ताई


३१ मार्च

चिंगे,

पत्र मिळालं असणार. मंगळवारी खुर्ची उचलायला आलेल्या पोरांना तू चहा दिलास, पाहुण्यांच्या हातात कप तू स्वतः दिलास, एवढं त्यांनी मला सांगितलं. पोलिसांकडून बातम्या काढायला मला एकतीस वर्षांचा सराव आहे. मला तेवढं पुरे झालं, खरंच.

चौकशी आठ तारखेला आहे. नाक्यावरच्या बाकीच्या चौघांना मी एकेकाला विचारलं. सगळे मूग गिळून गप्प. त्यांना तरी काय बोलू? पाहुणे सातला नाक्यावर होते असं म्हणाले तर त्यांचे स्वतःचे सहाही खोटे ठरतात, मग नऊ वर्षांचं सगळ्यांचंच निघतं. एकाला घराचं कर्ज आहे, एकाची बायको बाळंत व्हायचीय. हीच पोरं तुझ्या नवऱ्याला खुर्चीसकट उचलतात. त्यांना भेकड म्हणू नकोस. खाली उतरवताना घाम पुसतात ना, तेव्हा त्यांची तोंडं बघ एकदा.

पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं की मी मागं लागलेय. लागले नव्हते. अर्ज एकदा केला, तोही साहेबांच्या सांगण्यावरून, चार ओळींचा. मी घाबरले होते. अजूनही घाबरलेली आहे. जूनअखेर मी सुटते. माझ्यामागं ना मूल ना बाळ, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, एक भाड्याची खोली आणि ती पेन्शन. रजिस्टर खोटं लिहिलं असं कबूल केलं तर पेन्शन अडकते, कदाचित जातेही. साहेबांना काही होणार नाही. त्यांनी तोंडी सांगितलं होतं, अक्षर माझं आहे.

आणि आणखी एक आहे, तेही आजवर लपवलं. मी तुला दुसरा कागद नाही असं भासवलं. आहे.

त्या संध्याकाळी अपघाताचा निरोप वायरलेसवर आला, तो मीच घेतला. नाक्यावर आपला माणूस ट्रकखाली आला, गाडी पाठवा. निरोपाच्या वहीत मी वेळ टाकली, सहा अठ्ठावन्न, आणि खाली सही केली. पण चिंगे, रजिस्टरमध्ये मी स्वतःचेही सहाच लिहिले होते. त्या हिशेबानं मी तासभर आधीच घरी गेले होते. घरी गेलेल्या बाईनं निरोप कसा घेतला? ती एक सही दाखवली की सगळं रजिस्टर आडवं होतं. आणि दाखवणारी मीच, अडकणारीही मीच.

साहेबांच्या ते ध्यानात आलंय. परवा सहज म्हणाले, "बाई, जुन्या वह्या फार साठल्यात, महिनाअखेर निकालात काढा." मी हो म्हटलं. माझ्या तोंडातून हो फार पटकन निघतो, तीच खोड नडली.

वर्षातून एकदा आम्हाला एक फॉर्म देतात. मनावर ताण आहे का, झोप लागते का, पुढं हो आणि नाही. सगळे डोळे मिटून नाहीवर खूण करतात, कारण होवर केली की हत्यार काढून घेतात आणि त्याबरोबरचा भत्ताही जातो. यंदाचा फॉर्म काल आला. मी होवर खूण केली. मला कुठं हत्यार आहे! पण लिहून बरं वाटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी खरं लिहिलं गं मी त्या टेबलावर.

आज महिनाअखेर. वही माझ्या पिशवीत आहे. पुढचं ठरलेलं नाही.

ताई


९ एप्रिल

चिंगे,

काल तू आली होतीस. शेवटच्या बाकावर, तोंडाला ओढणी लावून. तुला वाटलं मी बघितलं नाही. लहानपणीही तू लपायचीस तेव्हा पाय बाहेर असायचे.

तू होतीस म्हणून सगळं सांगत नाही. फक्त मागून ऐकू आलं नसेल तेवढं सांगते, माझा आवाज बसला होता.

चौकशीला तोच होता, दवाखान्यातला. फाईलही तीच असावी. चष्मा पुसला आणि अगदी तसंच विचारलं, "हे ड्यूटीवर होते का?"

मी म्हटलं, "होते."

त्यानं रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. "बघून सांगा."

"मीच लिहिलंय, साहेब. बघून काय करू? खोटं आहे ते." आणि पिशवीतून वही काढून पुढं ठेवली. सहा अठ्ठावन्नवर बोट ठेवलं, ते बोट तिथून उचलायलाच होईना. मग नऊ वर्षांचं सांगितलं, सकाळी अकराला सगळ्यांना सोडून द्यायचे तेही सांगितलं. पाचची गंमतही सांगितली. तो लिहून घेणारा कारकून मध्येच थांबला, म्हणाला, "पोरीच्या भाषणाचंही लिहू का?" मी म्हटलं, ते आधी लिही.

आमचे साहेब खिडकीबाहेर बघत बसले होते. त्यांनी मला सांगितलं होतं का, असं विचारलं, तर आठवत नाही म्हणाले. मला राग यायला हवा होता. आला नाही, थकले होते फार.

बाहेर आले तर तू गेली होतीस. मी बाकावर बसून चप्पल घातली आणि घरी आले. संध्याकाळचे साडेचार झाले होते. एवढ्या लवकर घरी जायची सवयच नाही, कुलूप उघडून खोलीत नुसतीच उभी राहिले.

ताई


४ मे

चिंगे,

दोन्ही हुकूम एकाच दिवशी आले. पाहुण्यांचा तुझ्याकडे आला असेलच. ड्यूटीवर असताना जखमी, असं स्पष्ट लिहिलंय, मी तीनदा वाचून घेतलं. दवाखाना, पगार, पायाचं काय होईल ते, सगळं खात्याकडं. मोठ्या मनानं दिलं असं समजू नकोस, त्यांचंच होतं ते. माझा हुकूम असा की मी निलंबित, आणि पेन्शन पुढच्या चौकशीपर्यंत थांबवलेली. पुढची चौकशी कधी ते लिहायला विसरलेत.

माझ्या जागी ती नवी मुलगी बसवलीय, जिला पाहुण्यांनी जाकीट दिलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं रकाना सकाळी भरला नाही. रात्री ज्याची जी खरी वेळ होती ती लिहिली. दुसऱ्या दिवशी साहेबांना सहा जणांना सुटी द्यावी लागली आणि नाक्यावर स्वतः उभं राहावं लागलं, म्हणे. जाकीट मिळालं त्यांना. पोरं हे सांगायला माझ्या खोलीवर आली होती, हसून हसून पुरे झाली. किती दिवस टिकेल कोण जाणे. भत्ता अजून कुणालाच मिळालेला नाही.

मी शिवणकामवाल्या बाईंकडे काजं करायला जाणार आहे. सुईत दोरा त्या ओवून देतील. म्हणजे मी रोज तुझ्या मजल्यावर असेन. तुला चालणार नसेल तर बाईंना सांग, मी खालच्या मजल्यावर बसून करीन. भांडण नको.

तू एकदा तरी काही बोल गं. शिवी दे हवी तर.

ताई


६ मे

ताई,

सगळी पत्रं वाचली. पहिलं फेकलं होतं, परत उचललं.

माझा राग गेलेला नाही. तीन महिने मी या माणसाला ताट ठेवून तोंड फिरवलं, आणि तो तुझी पेन्शन सांभाळत पडून होता. तुमच्या दोघांच्या गमतीत माझं काय झालं, हे कुणी लिहिलं नाही कुठल्या वहीत. हे मी तुला तोंडावर बोलणार आहे, तयारी ठेव.

कालपासून ते भिंत धरून उभे राहतात. डावा पाय घासतो, पण उभे राहतात.

तुझी भाची उद्या ते भाषण पुन्हा म्हणणार आहे, त्यांच्या खाटेपुढं. खुर्च्या मांडतेय सकाळपासून. तुझीही मांडलीय, गुडघ्यांसाठी उंच बघून. पाच वाजता आहे. दुसऱ्या मजल्यावर बसायला लागतं तुला, तर त्या हिशेबानं आधी नीघ. पाच म्हणजे पाच, ताई. दार उघडंच ठेवते.

चिंगी